पाठीवरचा एकतीस

एक जानेवारीला आमच्या घरात तिघांचा वाढदिवस असतो: आईचा, भावाचा आणि माझा. केक एकच, मेणबत्तीही एकच. किती लावायच्या यावर एकमत होणे शक्य नसते. अमेरिकेतल्या ओमाहा शहरातल्या आम्हा न्युएर लोकांची निम्मी घरे अशीच आहेत. दक्षिण सुदानातून पळून सीमेपलीकडच्या छावणीत पोहोचलेल्या माणसाला जन्मतारीख सांगता आली नाही, की कारकून त्याला वर्षाचा पहिला दिवस देऊन टाकी आणि वर्ष अंगकाठीवरून ठरवी. माझ्या भावाच्या, चुओलच्या अंगावर त्या दिवशी मांस नव्हते. तो नऊ वर्षांचा होता. कारकुनाने पाच लिहिले. भुकेने खाल्लेली चार वर्षे कागदाने मुकाट गिळली.

पुढे बावीस वर्षे या चुकीने कुणाचे काही बिघडवले नाही. उलट ती आता फळाला येणार होती. चुओल शहराच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघात खेळतो. गेल्या हिवाळ्यात संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला तो त्याच्या खांद्यावर बसून. व्यवस्थापक कुचेरा त्याला तीन वर्षांचा करार देऊ करत होता. तीन वर्षे म्हणजे मांसाच्या कारखान्यातल्या गारठ्यातून आईची सुटका. अडसर एकच होता: कराराचा विमा उतरवणाऱ्यांना ती एक जानेवारी खुपत होती. म्हणून त्याचे खरे वय विचारायला कुचेराने आईला बोलावले होते, आणि तिचे बोलणे त्याच्यापर्यंत पोहोचवायला मला.

गाडीतून उतरताना मी बजावले, "आई, सत्तावीस म्हण. बाकी काही बोलू नकोस."

"मला शिकवतेस? त्याच्या जन्माला मी काय पाहुणी म्हणून गेले होते?"

पुढे चालणारा चुओल वळलादेखील नाही. "तिला हवं ते बोलू दे, न्यामाल. तू फक्त जसंच्या तसं सांग."

कुचेराने आपल्या कार्यालयाच्या भिंतीवरचा पडदा उजळला. एक निळी रेघ डावीकडून चढत गेली, क्षणभर थबकली आणि उजवीकडे उतरू लागली, एखाद्या दिवसाने संध्याकाळ मान्य करावी तशी.

"हे बघा बाई, हा हजारो खेळाडूंचा हिशेब आहे. विशीत माणूस चढतो, सत्ताविसाव्या वर्षी माथ्यावर येतो, तिशीनंतर घसरण. आधी उडी जाते, मग पाय. तुमचा मुलगा आत्ता इथे आहे." माथ्यावर एक लाल ठिपका उमटला.

मी भाषांतर केले. आईने त्या रेघेकडे बराच वेळ पाहिले. "हा डोंगर कुठला? आपल्याकडे तर नाही. इथंही नाही."

"आई, चित्र आहे ते."

"कळतं मला. आमच्या कारखान्यात गुरांचा जबडा उघडून दात बघतात. वय उलटलेलं दिसलं, की वेगळ्या रांगेला. त्याला विचार, माझ्या पोराचे दात बघायचेत का?"

मी शब्दांची धार थोडी बोथट केली, तरी कुचेराचे कान लाल झाले. "तसं नाही हो. मला फक्त एक आकडा हवाय."

आईने तोंड उघडले. तिचे खालचे पुढचे दात आमच्या रीतीप्रमाणे लहानपणीच काढलेले आहेत. ते खिंडार त्याच्यासमोर धरून ती म्हणाली, "माझ्यापासून सुरुवात कर म्हणावं. सांग, किती वर्षांची आहे मी?"

चुओल खो-खो हसला. कुचेरालाही हसू आवरेना. मग आईने तोंड मिटले आणि आमच्या भाषेत म्हणाली, "एकतीस."

मी तिच्याकडे डोळे वटारले.

"सत्तावीस खरं असेल, तर सीमेवरची नदी ओलांडताना तो पाच वर्षांचा होता. पाच वर्षांचं पोर दोन वर्षांच्या पोरीला पाठीवर बांधून छातीभर पाण्यातून नेतं का? मी तर तापात होते. मग तुला कुणी आणलं, न्यामाल? मगरीनं?"

कुचेराला न्युएर कळत नव्हते. माझ्या जिभेवर सत्तावीस तयार होता, नाण्यासारखा गुळगुळीत. तो उच्चारला असता तर आईचा कारखाना सुटला असता, आणि नदीच्या मध्यावर माझ्याखालची पाठ नाहीशी झाली असती.

"सांग ना," चुओल म्हणाला. "घाबरलीस? नदीतही अशीच माझे केस ओढत होतीस."

"एकतीस," मी इंग्रजीत म्हणाले.

 कुचेराने तो लाल ठिपका धरला आणि उतारावर ओढत नेला. "वाईट वाटतं रे. पण या जागेला मी तीन वर्षं देऊ शकत नाही. कुणीच देणार नाही."

"गेल्या हिवाळ्यात 'पोरगा माथ्याला पोहोचतोय' म्हणून टाळ्या कुणी वाजवल्या?" चुओलने विचारले.

"मीच."

"तेव्हा मी तिशीचा होतो, साहेब. टाळ्या परत घेणार?"

"चुओल, आकडे..."

"तुझा डोंगर खरा असेल. पण तो माझ्या पायाखाली नाही. आम्ही सपाट मुलुखातली माणसं. आमच्याकडे वर-खाली नसतं, पुढे असतं."

कुचेराने डोळे चोळले. "एक हंगाम. आणि पैसे कमी."

"दे. पण जर्सीवर एकतीस हवा."

"अरे, तू अकरा नंबरचा! आणि सगळ्यांना वय सांगत फिरणार?"

"त्यांना विचारायचे कष्ट नकोत."

"आणि पुढच्या वर्षी?"

"बत्तीस. आत्ताच शिवायला टाक."

नोव्हेंबरातल्या पहिल्या सामन्याला आई कारखान्यातून थेट आली. तिची बोटे अजून थंडीने आखडलेली होती. चुओलचे दोन्ही गुडघे पट्ट्यांनी आवळलेले होते. त्याचे पहिले दोन नेम चुकले. मागच्या रांगेतला एक तरुण ओरडला, "ए आजोबा, घरी जा!" आईने वळून त्याला आपले खिंडार दाखवले आणि तो पुढचा शब्द विसरला.

चेंडू पुन्हा चुओलकडे आला. दोन कोवळी, उंच पोरे त्याच्या अंगावर धावली. त्याने आमच्याकडे पाठ केली. घामाने भिजलेल्या त्या पाठीवर, जिथे कधीकाळी माझा गाल टेकलेला होता, ते दोन अंक रुंद आणि पांढरे पसरले होते. गुडघे वाकले. त्या कार्यालयात हळूच म्हटलेला आकडा मी आता सगळा जोर लावून छतापर्यंत फेकला:

"एकतीस!"

आणि तो उडाला.