गोळीचं माप

आसारामनं बंदुकीच्या नळीच्या तोंडावर तेलकट चिंधी पसरली, तिच्यावर शिशाची गोळी ठेवली आणि बोट काढून घेतलं. एरवी गोळी चिंधीसकट सुळकन तळाला जायची. आज ती तोंडाशीच अडून बसली.

"ही मोठी झाली गं," तो म्हणाला.

केशरबाई चुलीपुढं बसून शिसं वितळवलेली लोखंडी पळी राखेनं घासत होती. नवऱ्याच्या बंदुकीच्या गोळ्या लग्नापासून तीच ओतायची.

"अंगठ्यानं दाबा," ती मान वर न करता म्हणाली. "बसंल."

ठासणीची ही बंदूक मूळची आसारामच्या वडिलांची, आबांची. पीकरक्षणाच्या परवान्यावरची. आता आसारामचंही वय झालं, परवाना पुढं चालवायचा नाही असं घरात ठरलं होतं आणि दुपारी थोरला मुलगा बिभीषण ती पोलीस ठाण्यात जमा करायला नेणार होता. त्याआधी एकदा बार काढून घरासमोरच्या बांधावरचं मडकं फोडायचं, एवढीच म्हाताऱ्याची हौस. कारण उभ्या हयातीत आसारामच्या बंदुकीनं आवाजाखेरीज दुसरं काही केलं नव्हतं.

आबांची गोष्ट निराळी. त्या काळी कर्जतच्या माळावरून हरणांचे कळपच्या कळप उतरायचे आणि हुरड्याला आलेल्या ज्वारीचा फडशा पाडायचे. आबांचा बार वाया गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पुढं त्यांनी बंदूक लेकाच्या हाती दिली. लेक श्वास रोखून, जीव तोडून नेम धरायचा आणि हरणं मजेत माळ ओलांडून निघून जायची. आसारामच्या रानात हरणांना भीती नाही, फक्त कानाला त्रास, असं शिवारातले लोक म्हणायचे. तोही त्यांच्यासोबत हसायचा. आबा मात्र हसायचे नाहीत की रागवायचे नाहीत. बार ऐकला की घोंगडी डोक्यावर ओढून घ्यायचे. लोकांच्या हसण्यापेक्षा त्या घोंगडीचं त्याला फार लागायचं.

अंगठ्यानं दाबल्यावर गोळी गच्च बसली. ठासायच्या गजानं ती खाली सारताना त्याला चांगलाच जोर लावावा लागला. गज तळाला टेकला आणि त्याचा हात तिथंच थांबला.

"अगं, मग आधीच्या गोळ्या?"

"बारीक हुत्या. नळीत ढिल्या, म्हनून भरकटायच्या." तिनं पळी बाजूला ठेवली. "साचे दोन हाईत घरात. एक ह्या बंदुकीचा, एक त्या मोडक्या जुन्या बंदुकीचा. म्या बारक्यातच ओतायची."

"आन् मी जलमभर माझ्याच हाताला शिव्या देत बसलो!"

"लगीन होऊन आले त्या साली मामंजींनी हरणी मारून आणली. साफ कराया मला बसवलं. तिच्या आचळाला दूध हुतं." तिनं हाताची राख झटकली. "आज म्हनलं, घ्या खरी गोळी. मडक्याला कुठं लेकरं असत्यात!"

त्याला राग आला, हसू आलं, आणि मग भीती वाटली. आता नेम चुकला तर दोष द्यायला गोळीसुद्धा उरली नव्हती. मडक्याकडे तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग बंदूक खांद्याला लावली आणि चाप ओढला.

धूर पांगला तेव्हा बांधावर खापऱ्या पडल्या होत्या.

"दादा, लागलं की वो!" बिभीषण अंगणातून ओरडला.

आसाराम लहान पोरासारखा हसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

"आबांनी बघाया पाहिजे हुतं," तो म्हणाला. "जाईस्तोवर त्यांना वाटलं, पोराच्या हातात दम न्हाई."

केशरबाई उठून त्याच्याजवळ आली.

"तो बारका साचा त्यांनीच दिला हुता मला," ती हळूच म्हणाली. "ते दूध बघून दोन दिस जेवले न्हाईत. म्हनले, सूनबाई, पिकापायी आवाज तेवढा हुंदे, पाप नको. आन् त्याला सांगू नको, तरणा हाय, ऐकायचा न्हाई."

आसारामनं बंदूक खाली ठेवली. आपण तेव्हा खरंच ऐकलं नसतं, हे त्याला कळत होतं.

"व्हय," तो म्हणाला. "तरी पर एक डाव पाठीवर हात ठिवायचा हुता त्यांनी."

शिशानं काळा झालेला हात केशरबाईनं पदराला पुसला आणि त्याच्या पाठीवर ठेवला.