रिकामा डबा

काकांनी काचेची बरणी दुकानातल्या वजनकाट्यावर ठेवली आणि आकड्याकडे बोट दाखवलं.

"आधी रिकामी."

"अहो काका, हे बटण दाबलं की बरणीचं वजन आपोआप वजा होतं," दुकानदार म्हणाला.

"बटणावर माझा विश्वास आहे. पण आधी रिकामी."

मागे उभी असलेली दोन माणसं हसली. दुकानदाराने आकडा मोठ्याने वाचला आणि मगच साखर ओतली. एकतीस वर्षं काकांनी वजनमाप निरीक्षक म्हणून बाजारातले काटे तपासले होते. जित्याची खोड, ती निवृत्तीने थोडीच जाते!

तीन महिन्यांपूर्वी या खोडीला नवं काम मिळालं. एकटा माणूस रोज इतका कचरा करतोच कसा, म्हणून त्यांनी एका सकाळी कचऱ्याचा डबाच घरच्या काट्यावर चढवला. डब्याचं वजन वजा जाता सहाशे ग्रॅम! त्यात निम्म्याहून जास्त पिशव्या, पुडे आणि स्वस्त दिसलं म्हणून आणून सडवलेलं. काकांना आपल्याच घरी धाड पडल्यासारखं झालं. तेव्हापासून साखरेला बरणी, तेलाला किटली, भाजीला कापडी पिशवी, आणि आणायचं ते हवं तेवढंच. सालं आणि चहाचा चोथा गॅलरीतल्या कुंडीत जाऊ लागला. तीनशे, दीडशे, साठ असं करत एका सकाळी डबा रिकामा निघाला. काकांनी एकट्यानेच टाळी वाजवली.

घोटाळा झाला तो इथेच.

इमारतीतला कचरा उचलणाऱ्या मावशी रोज साडेसातला जिना चढत. ज्या दारात डबा दिसेल तो गोणीत रिकामा करत आणि बेल वाजवून सांगत, "डबा घ्या आत!" काका दार उघडत. मावशी आपल्या गुडघ्याचं गाऱ्हाणं सांगत, काका त्यांच्या नातीच्या गणिताची चौकशी करत. दोन मिनिटं, जास्त नाही. आता दारात डबाच नव्हता, त्यामुळे बेलही नव्हती. पावलं दारावरून सरळ वर निघून जात.

चौथ्या दिवशी साडेसातला काका दाराच्या आतल्या बाजूला उगाच चपला पुसत उभे होते. उगाच दार उघडायचं तरी काय म्हणून? मावशींना अजून तीन मजले चढायचे असत, आणि कामाच्या माणसाला रिकामटेकड्याने अडवू नये, हे काका जन्मभर पाळत आले होते. पण ती दोन मिनिटं गेली की संध्याकाळपर्यंत घरात कुणाचा आवाज नसे. त्यांना फार एकटं वाटायला लागलं.

दोन दिवसांनी ते दुकानात गेले आणि चकचकीत वेष्टनातला बिस्किटांचा पुडा मागितला.

"तुम्हाला? पुडा?" दुकानदाराचा हात हवेतच राहिला.

"द्या हो."

दुसऱ्या दिवशी डबा बाहेर गेला आणि साडेसातला बेल वाजली. काकांनी जरा जास्तच घाईने दार उघडलं. मावशींनी ते वेष्टन दोन बोटांत धरलं होतं.

"हे काय, काका?"

"पाहुणे आले होते."

"पाहुण्यांपुढे पुडा टराटरा फाडतात. हा तर कात्रीने सरळ कापून बरणीत ओतलाय." मावशींना माणसं त्यांच्या डब्यावरून कळत. "दारोदार तुमचं उदाहरण देते मी. खालच्या बाईंनी तुमचं ऐकून बरण्या काढल्या. गोणी हलकी झाली, माझा गुडघा बरा आहे. आणि तुम्हीच हे असं?"

काकांनी दाराच्या कडीवरून अंगठा फिरवला.

"डबा नसला की बेल वाजत नाही," ते म्हणाले.

मावशींनी वेष्टनाची घडी घालून ते गोणीत टाकलं.

"उद्या डबा बाहेर ठेवा."

"त्यात काय टाकू?"

"काही टाकलंत तर याद राखा!"

सकाळी बेल वाजली. मावशींनी रिकामा डबा रीतसर गोणीवर उलटा केला, बुडावर दोन थापा मारल्या आणि काकांच्या हातात दिला.

"झालं. घ्या आत."

काकांनी डबा आत ठेवला आणि बिस्किटांची बरणी घेऊन बाहेर आले.

"ही संपवायला हवीत. नाहीतर सादळून फुकट जातील."

मावशींनी वरच्या मजल्यांकडे एकदा पाहिलं. मग हातमोजे काढले, गोणी भिंतीला टेकवली आणि पायरीवर बसल्या.

"तोलून देताय की काय?"

"नाही," काका म्हणाले, आणि बरणी मध्ये ठेवून शेजारी बसले.