सीटखालचा बाण

“दादा, ही सायकल नक्की कुणासाठी घेतली होती?”

एवढाच प्रश्न. माझ्या मैत्रिणी, वकीलबाई आणि चिमणी, म्हणाल्या, हिंमत असेल तर घरी सगळ्यांसमोर विचारून दाखव, आणि विचारताना दादाच्या तोंडाकडे बघ. मी म्हटलं, त्यात काय, विचारते की! हल्ली मी कुणालाही काहीही विचारते. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हात वर करायचा तर मला घाम फुटायचा, आता ‘बाई गं, हात खाली कर’ म्हणून सर हात जोडतात. पण तो एक प्रश्न घेऊन घराचा जिना चढताना मी दर पायरीवर थांबत होते. कारण उत्तर मला जवळजवळ माहीत होतं.

वाढदिवसाला मी माउंटन बाइक मागितली होती. आमच्या शाळेमागे टेकडी आहे आणि तिच्या पायवाटांवरून शाळेचा सायकल गट जातो. खाली उतरताना ती मुलं अशी ओरडतात की खिडकीजवळ बसलेल्या माणसाचं गणितात लक्ष लागणं शक्यच नाही. मी खिडकीजवळ बसते.

घरात सायकलमधलं कळतं ते एकट्या दादाला. तो कॉलेजात आहे, आणि आमच्या दाराच्या चौकटीत मान वाकवून शिरतो. बाबा म्हणाले, “दादाला घेऊन जा, तो बघेल.” दुकानात दादाने एका सायकलचं सीट पार खाली उतरवलं, मला त्यावर बसवलं आणि म्हणाला, “पाय टेकतात ना जमिनीला? झालं तर मग. माप बरोबर आहे.” दुकानदार काहीतरी बोलायला लागला, तर दादाने त्याला मध्येच गिअरबद्दल विचारलं. मी मात्र सायकलच्या रंगात बुडाले होते. घरी आल्यावर दादा “ब्रेक बघून येतो” म्हणून तिच्यावर गेला तो चांगला अंधार पडल्यावर उगवला. त्यातही मला काही वाटलं नाही. उलट वाटलं, किती काळजी घेतो!

मग माझी वरात सुरू झाली. सीट इतकं खाली की गुडघे हनुवटीला लागायचे बाकी होते, आणि दुखायचे असे की जिना उतरताना मी कठड्याला धरून आजीबाईसारखी उतरायचे. हँडल इतकं लांब, की टेबलावर पालथं पडून पलीकडची खिडकी लावायची असावी, तसे हात ताणून बसावं लागे. पण खरी गंमत उतारावर थांबताना. सीटवरून पुढे उतरलं की पाय पुरेसे खाली पोचायचेच नाहीत. वरची दांडी मांड्यांना धडकायची, मी चवड्यांवर नाचायचे आणि शेवटी सायकलसकट झुडपात. गटात माझं नाव पडलं ‘झुडपांची राणी’. मीही हसायचे. राणी तर राणी!

घरी येऊन सांगितलं की दादा म्हणायचा, “नवशिक्यांचं असंच असतं. तुझ्या हातात ताकदच नाही, सायकल काय करणार बिचारी?” मी रोज सकाळी दात घासायच्या आधी जोर काढायला लागले. खरंच. जोर! मी लहान असताना माझी सायकल धरून पाठीमागे धापा टाकत धावलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर खोटं कसं वाटणार?

गेल्या आठवड्यात खेळाच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. “रविवारी चाचणी आहे. उताराच्या मध्यावर थांबायचं, पाय टेकायचे, पुन्हा निघायचं. एवढं जमलं नाही तर यंदा तू सपाट रस्त्याच्या गटात. नाराज होऊ नकोस हं.” मी अजिबात नाराज झाले नाही. मी भयंकर नाराज झाले.

काल सरावाला पुन्हा तेच. झुडूप. वकीलबाईने (वाद हरणं तिला ठाऊकच नाही, म्हणून हे नाव) मला ओढून बाहेर काढलं आणि स्वतःची सायकल पुढे केली. “घे माझी. तुझं रडगाणं ऐकून माझे कान किटले.”

आम्ही दोघी एकाच उंचीच्या. मी बसले, निघाले, मध्यावर ब्रेक दाबला, पुढे उतरले, आणि काहीच झालं नाही! मी नुसती उभी होते. दोन्ही टाचा जमिनीवर, दांडी खाली गुपचूप आपल्या जागी, मध्ये ऐसपैस हवा. हँडलही जवळ होतं, हात कोपरात वाकत होते. मी पुन्हा वर गेले, पुन्हा उतरले, पुन्हा थांबले. मला नवीन पाय फुटल्यासारखं वाटत होतं.

“आता आरोपीला तपासू,” म्हणत वकीलबाई माझ्या सायकलकडे वळली. तिने चिमणीला बोलावलं. चिमणी वर्गात सगळ्यांत उंच, म्हणूनच चिमणी. तिच्यासाठी सीट वर ओढायला घेतलं, तसा आत दडलेला दांडा हळूहळू बाहेर आला. बऱ्याच वर आल्यावर त्यावर चंदेरी पेनने मारलेली एक रेघ दिसली. रेघेशेजारी छोटासा बाण.

तो बाण मी ओळखला.

बाण दादाची खूण आहे. त्याच्या बॅटवर बाण, हेडफोनच्या डबीवर बाण, फ्रिजमधल्या त्याच्या चॉकलेटवरसुद्धा बाण. बाण दिसला की हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा. आणि हा बाण माझ्या सायकलच्या पोटात होता. त्याच्या सीटची उंची आधीच आखून ठेवलेली होती, आणि वर मला बसवलं होतं.

“चुकून झालं असेल गं,” चिमणी हळूच म्हणाली.

“चुकून रेघ पडते. बाण पडत नाही,” वकीलबाई म्हणाली.

तेव्हाच मला गॅलरीतली गोष्ट आठवली. मागे कधीतरी मी कपडे वाळत घालत होते आणि दादा त्याच्या मित्राला शिकवत होता. “सीटवर बसून पाय टेकतात का, हे बघायचंच नसतं रे. सीट काय, कितीही खाली करता येतं. वरच्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभा राहा. अंग आणि दांडी यांच्यामध्ये चार बोटं तरी जागा हवी. मग हँडलला हात पोचतो का ताणावा लागतो, ते बघ.” म्हणजे त्याला माहीत होतं. मित्राला सांगितलं खरं माप, आणि बहिणीला सांगितलं, हातात ताकद नाही.

तर जिना चढून मी घरात आले. बाबा शर्टांना इस्त्री करत होते, आई मोजे जुळवत बसली होती, दादा सोफ्यावर आडवा. मी पैजेप्रमाणे त्याच्या तोंडाकडे बघत विचारलं.

“तुझ्यासाठी,” तो म्हणाला. “असं काय विचारतेस?”

“मग सीटच्या दांड्यावर बाण कशाला?”

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने बाबांकडे पाहिलं.

बाबांकडे! मला वाटलं होतं, बाबा त्याला रागावतील. बाबांची इस्त्री एकाच जागी थांबली. कापड करपायला लागलं तेव्हा कुठे ती त्यांनी उचलली.

“अगं राणी, तसं काही नाही,” आई म्हणाली. “आम्ही म्हटलं, तुझी हौस आहे तोवर तू चालव. नंतर वस्तू पडून राहायला नको. गिटारचं काय झालं? स्केट्सचं? माळ्यावर धूळ खातायत ना?”

“म्हणजे तुम्हा दोघांनाही माहीत होतं?”

“तुझी उंचीही वाढतेच आहे…” बाबा शर्टाशी बोलले.

“बाबा, मी सोडणार हे तुम्ही दुकानात जायच्या आधीच ठरवून टाकलं होतं?”

आईने जुळलेली मोज्यांची जोडी सोडवून पुन्हा जुळवायला घेतली. दादा उठून बसला. “हे बघ, मी बाबांना विचारलं होतं. चोरी नाही केली काही.”

“चोरी केली असतीस तर परवडलं असतं. चोर निदान रोज संध्याकाळी येऊन ‘तुझ्या हातात ताकद नाही’ असं सांगत नाही.”

त्यावर त्याची मान खाली गेली. चौकट नसतानाही.

मला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच राग येत होता. गिटार सोडली, कबूल. पण गिटारीने मला झुडपात पाडलं नव्हतं. मी पडत होते, पोटऱ्या सोलवटत होत्या, आणि हे तिघं प्रेमाने मलम लावत वाट बघत होते. पुढच्या आठवड्यात मी कंटाळून सोडली असती, तर सगळे म्हणाले असते, बघ, आम्ही म्हणत नव्हतो? आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, मीही मान डोलावली असती. मलाही वाटलं असतं, मी अशीच.

मी मोज्यांचा ढीग बाजूला सारला आणि आई-बाबांच्या बरोबर समोर उभी राहिले. दोन्ही टाचा टेकवून.

“मी सायकल चालवणं सोडणार नाही. रविवारची चाचणी मी वकीलबाईच्या सायकलवर देणार आहे, ती हो म्हणालीये. आणि ही सायकल दादाला मिळणार नाही. उद्या शाळेनंतर ती मी दुकानात नेणार आणि तिच्या बदल्यात लहान फ्रेमची आणणार. हिला झुडपांचे ओरखडे पडलेत, म्हणून त्यांनी जुनी दिली तरी मी घेईन. दादा येणार नाही. बाबा, तुम्ही यायचं. रंग, गिअर, वाढती उंची, काही बोलायचं नाही. मी दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभी राहीन, तुम्ही खाली वाकून मध्ये बोटं धरायची. चार. तुमची, माझी नाही.”