चौथी सुपारी

गाडी लाल होती, जपानी होती आणि साईपेक्षा वयाने मोठी होती. मांजरी गावातल्या एका उसाच्या मळ्यात, पत्र्याच्या शेडखाली तिच्या बॉनेटवर कोंबड्या बसत होत्या, तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या साईने तिला पाहिलं आणि पोरगा कामातून गेला. मस्कतहून परतलेल्या कुणा डॉक्टरने ती जहाजातून आणली होती. पुढे कोंडीराम नावाच्या बागायतदाराने ती हौसेने घेतली आणि हौस फिटल्यावर कोंबड्यांच्या हवाली केली. दोन दारं, दोनच माणसांची धड सोय आणि बटण दाबलं की डोळे उघडून वर येणारे दिवे. वारज्याच्या घरापुढे ती टेम्पोतून उतरली तेव्हा साईच्या वडिलांनी, भीमरावांनी, एवढंच विचारलं, "हिच्यात भाजीची पिशवी तरी मावेल का?" आणि पुढच्या रविवारी तेच बाह्या सरसावून तिच्याखाली आडवे झाले.

तेव्हापासून बापलेकांचे रविवार त्या गाडीत गेले. जुन्या जपानी गाडीचं दुखणं म्हणजे मोठ्या घरची सोयरीक, काही ना काही मागणं चालूच. दाराचं रबर रिक्षाच्या रबरातून कापून झालं, मीटरमागच्या वायरी बुधवार पेठेतल्या गाळ्यागाळ्यातून आणून झाल्या, आणि जे कुठेच मिळालं नाही ते भीमरावांनी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर स्वतः काढलं. हयात पिंपरीच्या कारखान्यात फोरमन म्हणून गेलेली. दुसऱ्याने तपासलेल्या कामावर सही करायची नाही, हा त्यांचा बाणा. शेजारचे आप्पासाहेब कुंपणावरून रोज विचारत, "काय भीमराव, गाडी आहे की नवस?" भीमराव म्हणत, "फिटला की सांगतो. जेवायला या."

मग साईच्या उजव्या कानात शिट्टी वाजू लागली. दोन्ही कानांच्या नसांवर गाठी निघाल्या. उजवीकडची काढली आणि तो कान गेला. आता डावीकडची वाढत मेंदूला टेकली होती. दसऱ्यानंतरच्या सोमवारी ऑपरेशन ठरलं. जीव वाचेल, कान वाचणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. साई बाहेर येऊन म्हणाला, "म्हणजे बाबा, दोन्ही स्पीकर गेले." भीमरावांना हसू आलं नाही. पार्किंगमध्ये आपली रोजची गाडी कुठे लावली होती, तेही त्यांना बराच वेळ आठवेना.

त्या दिवसापासून घरात एकच धोशा. कान जायच्या आत ती गाडी वाजली पाहिजे. नुसती चालू नव्हे, साईने मनात बसवली होती तशी. त्याने इंजिनचं हेड घासून घेतलं होतं, व्हॉल्व्ह उघडणारे मोठे कॅम मागवले होते, त्यामुळे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात नखभर फट उरणार होती. चार सिलिंडरना हवा ओढायला एकच नळी होती, ती काढून चार वेगळी तोंडं द्यायची होती. ती भीमरावांनी लेथवर काढली, धोतऱ्याच्या फुलासारखी, आणि अशी पॉलिश केली की त्यांत चेहरा दिसावा.

"आवाज कसा येणार?" भीमरावांनी विचारलं होतं.

"खालून गुरगुरत येतो बाबा, आणि वर जाता जाता कापड फाटल्यासारखा फाटतो."

भीमरावांनी तोंडाने आवाज काढून पाहिला. ती त्यांची जुनी विद्या. लहानपणी साई जेवत नसे, तेव्हा ते घासाची गाडी करून, गिअर बदलत बदलत ती त्याच्या तोंडापर्यंत नेत. साईने डावा कान त्यांच्या तोंडाशी आणला आणि हसत मान हलवली. "छ्या! हा तर टेम्पो झाला. वाजेल तेव्हा कळेल तुम्हाला."

कॅम परदेशातून यायला उशीर झाला. सगळं जुळून आलं ते नेमकं खंडेनवमीच्या सकाळी. चार तोंडांवर जाळ्या बसवायच्या आणि चावी फिरवायची, एवढंच उरलं होतं. पण भीमराव पाने, पकडी, हातोड्या घासूनपुसून पाटावर मांडत होते.

"बाबा, अर्ध्या तासाचं काम आहे."

"खंडेनवमीला हत्याराला हात लावायचा नसतो. कारखान्यात अख्खी शिफ्ट बंद ठेवली मी, पण हा नेम मोडला नाही. उद्या दसरा. उद्या मुहूर्तावर."

"आणि आजच ऐकू यायचं बंद झालं तर?"

"असलं अभद्र बोलू नकोस," भीमराव म्हणाले. त्यांनाही ते खरं वाटत होतं, म्हणून जरा जोरातच म्हणाले. नियमावर बोट ठेवून उभं राहणाऱ्या माणसाला आपण कशाला घाबरतोय हे सांगता येत नाही. इंजिन एकदा चालू झालं की मग सोमवारच उरणार होता.

जाळ्या नव्हत्या म्हणून भीमरावांनी त्या चार तोंडांत फडकी कोंबून ठेवली होती. संध्याकाळी साईची आई, मैनाबाई, पूजेचं ताट घेऊन आल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. देवापुढे असली तेलकट फडकी? त्यांनी ती काढली. चकचकीत चार तोंडं समोर आली. मुलाचं सगळं त्या यंत्रात अडकलंय, हे त्यांना कळत होतं. त्यांनी प्रत्येक तोंडाला हळदकुंकू लावलं, आत विड्याचं एकेक पान ठेवलं, पानावर सुपारी, वर झेंडूचं फूल. नवऱ्याने हत्यारं पुजली, त्यांनी इंजिन पुजलं. साई शेजारी उभा राहून आईचे ओठ पाहत होता. ती काय मागतेय, ते न ऐकताही त्याला कळलं.

दसऱ्याला सकाळी साई खाली आला तो कानावर तळवा दाबूनच. "आज फार कमी येतंय," तो म्हणाला.

भीमराव धावतच गाडीपाशी गेले. मैनाबाई निर्माल्य गोळा करत होत्या.

"आतलं सगळं काढलंस ना? सुपाऱ्या?"

"काढलं हो. तामणात ठेवल्यात देवघरात."

एरवी त्यांनी टॉर्च घेतला असता, चारही तोंडांत डोळा घालून पाहिलं असतं आणि वर बायकोला दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी पाहिलं नाही. फोरमनने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या तपासणीवर सही केली. भराभर जाळ्या बसवल्या आणि ते स्टिअरिंगमागे बसले. झेंडूचं तोरण बंपरवर डुलत होतं. कुंपणापलीकडे आप्पासाहेब आपट्याची पानं घेऊन उभे होते.

साई उघड्या बॉनेटवर वाकला. डावा कान थेट त्या चार तोंडांशी, तळवा मडगार्डवर.

पहिल्याच फटक्यात इंजिन सुरू झालं. अडखळत, खोकत चाललं. साईने अंगठा वर केला, दाबा. भीमरावांनी ॲक्सिलरेटर दाबला. चार तोंडांच्या आतल्या झडपा उघडल्या, आवाज चढायला लागला आणि चढायच्या आतच इंजिनात खाडकन काहीतरी तुटलं. लोखंडावर लोखंड आपटल्याचा खडखडाट झाला. मग गाडी एक आचका देऊन बंद पडली.

भीमरावांचा हात चावीवरच राहिला. काय झालं ते त्यांना बसल्या जागी कळलं होतं. व्हॉल्व्ह अडकला, नखभर फटीतून पिस्टन त्याच्यावर आदळला, आणि आतलं सगळं गेलं. असं दुसरं इंजिन सोमवारपर्यंत काय, सहा महिन्यांतही मिळणार नव्हतं.

ते उतरून पुढे आले तेव्हा साईने तिसऱ्या तोंडाची जाळी सैल केली होती. आत तांबूस चुरा होता. सुपारीचा. भीमरावांनी बघितलं, साईने बघितलं, दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. साईने बोटाने चुरा पुसला आणि पँटला हात पुसला.

"वाजली बाबा," तो म्हणाला. "ऐकली मी. मस्त वाजली."

भीमरावांना भडभडून आलं. हा पोरगा इंजिनचा शब्दन् शब्द ओळखणारा, आणि शेवटचं काय ऐकलं त्याने तर हे.

मैनाबाई ओवाळणीचं ताट घेऊन लगबगीने आल्या. "का हो बंद पडली?"

"माझंच चुकलं आई," साई म्हणाला. "इंजिनचा बेल्ट एक दात चुकीचा बसवला मी. बाबांनी बजावलं होतं."

"बाई गं! तरी मी म्हटलं, देवाचं तर सगळं नीट केलं होतं."

एवढ्यात भीमरावांना तामण आठवलं. ते लगबगीने देवघरात गेले. तामणात तीन सुपाऱ्या होत्या. मैना आज ना उद्या त्या मोजणार, आणि मग जन्मभर एकच हिशेब करत बसणार. ते स्वयंपाकघरात गेले, डब्यातून एक सुपारी काढली, मुठीत धरली आणि परतले.

तामणात चार सुपाऱ्या होत्या. साई देवघराच्या दारातून बाहेर पडत होता. मैनाबाई पाठोपाठ आत आल्या आणि बोट लावून मोजत म्हणाल्या, "चारच्या चार. बघा, उगाच माझ्यावर संशय घेत होता."

"चुकलं माझं," भीमराव म्हणाले. पाचवी सुपारी त्यांच्या मुठीतच होती.

सोमवारी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं. मैनाबाईंनी मुलाच्या कानात काहीतरी सांगून घेतलं आणि तोंडाला पदर लावून त्या बाजूला झाल्या. साईने वडिलांना खुणेने जवळ बोलावलं.

"बाबा, एकदा तोंडाने काढून दाखवा."

"काय?"

"गाडी. वाजायला हवी होती तशी."

भीमराव वाकले. त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. आयुष्यभर कारखान्यातल्या एकूण एक मशीनची त्यांनी नक्कल केली होती. पण हा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. तो कुठेच वाजला नव्हता. ओठ हलले, आणि आठवला तो फक्त खडखडाट. त्यांनी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं. आवाज फुटेना.

साई कान लावून वाट बघत राहिला. मग नर्सने घड्याळ बघितलं आणि वॉर्डबॉयने स्ट्रेचर आत ढकललं.