दादरा बांधलेली बरणी

बोलतेय ती मी, कौमुदीच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या प्रेसमधली बरणी. प्रेस म्हणजे कपाट हो, आयर्लंडात कपाटाला असंच म्हणतात. खांद्यापर्यंत तपकिरी, खाली पांढरी, पोटात चार लिटर मावेल एवढी मी.

जन्म भट्टीतला, संसार लोणच्याचा. वाईला विमलताईंच्या फडताळात वीस वर्षं कैरी सांभाळली. मग त्यांची लेक कौमुदी इथे ॲडम्सटाउनला आली, औषधांच्या कंपनीत लागली. तिला भेटायला येताना ताईंनी मला लुगड्यात गुंडाळून विमानात मांडीवर आणलं.

"आई, अगं लोणचं इथे दुकानात मिळतं," कौमुदी म्हणाली. झालं, मी जी वर गेले ती सहा वर्षं तिथेच. माणसं माझ्याखालून चहा नेत, वर कुणी बघत नसे.

या वसंतात ताई पुन्हा आल्या. शेजारी फिनलंडच्या हिल्काबाई राहतात. दोघींची भाषा एक नाही, पण कुंपणापाशी उभ्या राहून तासतासभर बोलायच्या. हिल्काबाई दर एक मेला, त्यांच्याकडच्या वसंताच्या सणाला, सिमा करत, म्हणजे लिंबाचं फसफसतं सरबत. यंदा पडल्या आणि हात प्लास्टरमध्ये. त्यात त्यांची धाकटी बहीण नऊ वर्षांनी भेटायला येणार.

"या वर्षी सिमा नाही," त्यांनी कौमुदीला सांगितलं. डोळे भरले होते.

"मी करते की! सांग त्यांना," ताई म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "कौमे, दारू नाही ना गं ती?"

"नावापुरती. तुझ्या ताकाइतकीच चढेल."

हिल्काबाईंनी कृती एकदा सांगितली, कौमुदीने मराठीत. ताईंना अक्षर येत नाही, पण एकदा ऐकलेलं पुसलं जात नाही.

त्या दिवशी मी खाली उतरले. बेसन लावून, लिंबाच्या साली घासून ताईंनी मला तीनदा धुतलं. तरी माझ्या मनात धाकधूक, माझ्या अंगातला हिंग या परक्या सरबतात उतरला तर?

लिंबाच्या पिवळ्या साली, चकत्या, पांढरी साखर, तपकिरी साखर; वरून उकळतं पाणी. ते बाळाच्या अंघोळीइतकं कोमट झाल्यावर चिमटीच्या टोकावर यीस्ट. रात्रभर माझ्या पोटात बारीक कुजबुज चालली होती. लोणचं कधी इतकं बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते गाळून पाच बाटल्या भरल्या, प्रत्येकीत चमचाभर साखर आणि चार बेदाणे. बेदाणे वर तरंगले की सिमा झाली. उरलेलं लिटरभर ताईंनी परत माझ्यात ओतलं, मूठभर बेदाणे टाकले, तोंडाला सुती फडक्याचा दादरा बांधला आणि मला गार खिडकीत ठेवलं.

बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या होत्या. पण ताईंना ते पटेना. "गारठ्यात काय आंबतंय?" त्यांचं इडलीचं पीठ, दह्याचं विरजण सगळं हॉट प्रेसमध्ये जायचं, गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात. बाटल्याही तिथेच गेल्या, झाकणं गच्च आवळून.

सकाळी धाडकन आवाज. मग दुसरा, तिसरा. कपाट उघडलं तर जावईबापू सलील यांचे शर्ट चिकट, टॉवेलांवर काचा आणि बेदाणे.

"आई, बॉम्ब करत होतात का?" सलील म्हणाले. कुणी हसलं नाही. उरलेल्या दोन बाटल्या कौमुदीने जाड टॉवेलात धरून बागेत नेऊन ओतल्या.

ताई माझ्या खिडकीखाली बसल्या. "शब्द दिला होता गं मी त्यांना," एवढंच म्हणाल्या. पुन्हा करायला दिवस उरले नव्हते.

माझ्या पोटातले बेदाणे अजून तळाशीच होते.

एक मेला सकाळी ताईंनी दादरा सोडला, आत डोकावल्या आणि ओरडल्या, "कौमे! आले बघ वर!"

सगळे बेदाणे तरंगत होते. फडक्यातून मला श्वास घेता आला होता, म्हणून मी फुटले नव्हते.

हिल्काबाईंच्या टेबलावर मला तसंच नेलं. ताईंनी आधी बाटल्यांचं सगळं कबूल केलं, मान खाली घालून. मग पाचच लहान ग्लास भरले. बहिणीने घोट घेतला, थांबली, काहीतरी म्हणाली.

"फेस कमी आहे म्हणतेय," कौमुदीने सांगितलं. "आणि मागून कसलातरी वास येतो, पण छान आहे."

मला तर फुटून जावंसं वाटलं. हिल्काबाई मात्र प्लास्टरचा हात टेबलावर आपटून हसल्या. "ग्रँड," म्हणाल्या, म्हणजे इकडच्या बोलीत झकास, आणि ग्लास ताईंपुढे केला. अजून द्या.

जूनमध्ये ताई वाईला परतल्या. जाताना मला हिल्काबाईंच्या हातात दिलं. प्लास्टर निघालं होतं.

आता मी त्यांच्या खिडकीत असते. पुढच्या मेची वाट बघते. तुमच्याकडेही एखादी बरणी वर पडली असेल, तिला खाली घ्या. काहीही भरा. फक्त आत काही जिवंत असेल तर झाकण आवळू नका, दादरा बांधा.