कानडी कागदातली पुडी

महादेवी सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी सोलापूरला आली, तेव्हा तिच्या ट्रंकेत बाळाच्या टोपड्यांखाली कोकोचा एक डबा होता. तिचा नवरा हुबळीला रेल्वेत कारकून. तिथल्या एका साहेबाच्या बायकोनं तिला शेंगदाण्याचा चॉकलेट केक खाऊ घातला होता आणि कृतीही लिहून दिली होती. "लई सोपा हाय वहिनी, अंडं न्हाय त्यात," असं म्हणत महादेवीनं चार दिवस भावजयीचा पिच्छा पुरवला.

दाक्षायणीनं सोमवारी सकाळी मनावर घेतलं. दाणे खरपूस भाजून, सालं पाखडून ती उखळात कुटायला बसली. चटणीसाठी दाणे कुटण्यात तिचा हात बसलेला होताच, पण इथं तेल सुटून लोण्यासारखा गोळा व्हायला हवा होता. ती मुसळ हाणत असतानाच तिचा नवरा शंकरप्पा कामावर निघाला. तो एका रंगखान्यात सूत रंगवायच्या कामावर होता. कोनाड्यात दोन लहान पुड्या ठेवत तो म्हणाला, "एक तुझा सोडा. दुसरी सिद्धाप्पाची, त्याची बायको येऊन नेईल. ती इखारी हाय, ध्यान ठेव. कानडी कागदातली..." पुढचं मुसळाच्या आवाजात बुडालं. दाक्षायणीनं मान डोलावली. तोवर तो जिन्याखाली गेलाही.

थोड्या वेळानं मागच्या बोळातली सिद्धाप्पाची बायको गंगव्वा आली. दाक्षायणीचे हात दाण्याच्या तेलानं माखलेले. दोन बोटांत धरून तिनं एक पुडी गंगव्वाच्या हातावर ठेवली. उरलेली मैद्यात रिकामी केली, कोको, साखर, दही आणि दाण्याचा गोळा घालून घोटलं, त्याच कागदानं डब्याला तूप चोळलं आणि डबा वाळूच्या पातेल्यात ठेवून झाकणावर निखारे पसरले.

पाऊण तासानं घरभर असा वास सुटला की शेजारणी डोकावून गेल्या. दाक्षायणी आणि सासू बसव्वा, दोघींचा सोमवारचा उपास. महादेवीनं मात्र गरमागरम दोन तुकडे संपवले आणि बोटं चाटत भिंतीला टेकून बसली.

शेगडीजवळचा पसारा आवरताना दाक्षायणीच्या हाती तो तुपकट कागद आला. चुलीत टाकायला तिनं तो चुरगाळला आणि तिचा हात तसाच थांबला. तुपाखालची अक्षरं कानडी होती.

कानडी कागदातली... काय म्हणाले होते ते? कानडी कागदातली सिद्धाप्पाची, की कानडी कागदातली तुझी? तिनं डोळे मिटून आठवून पाहिलं. कानात नुसतं मुसळ वाजत राहिलं. सिद्धाप्पाची पुडी म्हणजे रंगखान्यातलं नायट्राइट, दिसायला मिठासारखं. गेल्या वर्षी एका कामगारानं ते मीठ समजून चिमूटभर भाकरीबरोबर खाल्लं, तर त्याचे ओठ निळे पडले होते. दवाखान्यात नेईपर्यंत तो बेशुद्ध झाला होता, असं शंकरप्पानंच सांगितलं होतं.

तिनं महादेवीकडं पाहिलं. ओठांवर कोकोचा तपकिरी लेप. दाक्षायणीनं ते पदरानं पुसले. ओठ निळे आहेत की नेहमीसारखेच सावळे, तिला कळेना.

"काय गं वहिनी?"

"काय न्हाय. तुला कसं वाटतंय?"

"जरा मळमळतंय. लई खाल्लं वाटतं."

केक फुगला तर होता. पण किती फुगायला हवा होता? जन्मात पहिल्यांदा केलेला. क्षणभर वाटलं, गप्प बसावं, काही झालेलं नसेलच. सासू काय म्हणेल, नवरा काय म्हणेल, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. मग महादेवीनं पोटावर हात ठेवून "लाथ मारतंय बघ," म्हटलं, आणि दाक्षायणीला राहवेना. ती तडक परसात गेली आणि सासूला सगळं सांगून मोकळी झाली.

बसव्वाचा चेहरा पांढराफटक पडला. ती ओरडली नाही. "टांगा बोलावते. हिला दवाखान्यात नेते. डॉक्टर पयलं इचारंल, पोटात काय गेलंय. तू पळ सिद्धाप्पाकडं. पुडी बघून सरळ तिकडंच ये."

दाक्षायणी अनवाणीच बोळातून धावली. सिद्धाप्पा घरीच सूत रंगवायचा; अंगणात तो रंगाच्या घमेल्यात बर्फाचे खडे टाकत होता. धापा टाकत तिनं सांगितलं, तसा तो बायकोकडं वळला. "पुडी कुटं हाय?"

"वतली की मगाशीच पाण्यात."

"कागद?"

"चुलीत घातला."

सिद्धाप्पानं बादलीतल्या पाण्याकडं पाहिलं. विरघळल्यावर पाणी ते पाणीच. "आता सूतच सांगंल," तो म्हणाला. "नायट्राइट असंल तर लाल चढंल. सोडा असंल तर सूत हाय तसंच ऱ्हाईल."

"मग बुडवा की!"

"हे पाणी घमेल्यात वतून, ॲसिड घालून मुरावं लागतंय बाई. घाई केली तर काईच कळायचं न्हाय."

त्या पंधरा मिनिटांत दाक्षायणी तीनदा उठली आणि तीनदा बसली. टांगा निघाला असेल. महादेवीची शुद्ध असेल का? डॉक्टर विचारत असेल, आणि उत्तर देणारी इथं घमेल्यापुढं उकिडवी बसलेली. विष पोटात जायला आपलाच हात कारण, आणि एक नव्हे, दोन जीव. गंगव्वानं पाणी पुढं केलं, ते तिनं तसंच बाजूला सारलं.

सिद्धाप्पानं पिवळट सुताची लड उचलली आणि घमेल्यात सोडली. लड बुडाली, पिवळीच दिसली. दाक्षायणीनं तोंडावर हात दाबला. त्यानं काठीनं लड उलटी केली, आणि पाण्याखालून एकदम, जखम उघडावी तसा, गडद लाल रंग वर आला.

"तुमच्या केकात सोडाच हाय, बाई!" सिद्धाप्पा ओरडला.

ती दवाखान्यात पोचली तेव्हा महादेवीला ओकारी काढायला लावून बाकावर झोपवलं होतं. निरोप ऐकून डॉक्टरांनी तिला पुन्हा एकदा तपासलं, बाळाचे ठोके ऐकले, आणि संध्याकाळपर्यंत तिथंच ठेवायला सांगितलं. तोवर उभी असलेली दाक्षायणी मग जमिनीवर बसली. बोळात धावताना तिच्या तळपायात घुसलेला काचेचा तुकडा बसव्वानं काढला. कापल्याचं तिला तोवर कळलंही नव्हतं.

रात्री शंकरप्पाला त्याच्या आईनं जे सुनावलं, त्यानंतर त्यानं रंगखान्यातली कुठलीच वस्तू घरात आणली नाही.

मंगळवारी सकाळी दाक्षायणी उरलेला केक मोरीत टाकायला निघाली. बसव्वानं डबा तिच्या हातातून काढून घेतला. एक तुकडा मोडून स्वतः खाल्ला, सावकाश, सुनेकडं बघत. मग दुसरा तिच्यापुढं धरला. "खा. तू केलायस."

दाक्षायणीनं तो तोंडात घातला. दाण्याची खरपूस चव जिभेवर पसरली. गिळायला मात्र तिला बराच वेळ लागला.