‘न्हाय’मधला न

मी बोलतोय, असं म्हणायची ही माझी पहिलीच वेळ. आजवर माझ्यातून बाकीचेच बोलले. आमच्या पळसदेवच्या ‘काठ रेडिओ’वर सकाळी तानूबाईंचा आवाज आला की पार डाळजपर्यंतचे लोक म्हणतात, काय खणखणीत बोलते बाई! बाई बोलते हे खरं, पण ते बोलणं नीटनेटकं करून हवेत धाडतो तो मी. मी रेडिओ स्टेशनातला ध्वनिप्रोसेसर. दोन विटा शेजारी ठेवाव्यात एवढी काळी पेटी, तोंडावर चार बटणं आणि दिव्यांची एक ओळ. माईकमध्ये शिरलेला प्रत्येक शब्द माझ्या हाताखालून जातो, मगच गावाला ऐकू येतो.

कुणी लाजत बोललं तर मी त्याला उचलून धरतो. कुणी घसा ताणला तर खांद्यावर हात ठेवून खाली बसवतो. माणसांना वाटतं, आपला आवाज मुळातच असा गोड आहे. वाटू दे. मी कुणाचा गैरसमज दूर करायला जात नाही.

माझी पहिली नोकरी शहरातल्या एका बड्या स्टेशनात होती. तिथं माझ्याकडून एकच काम करून घेतलं, शेजारच्या स्टेशनापेक्षा मोठ्यानं वाजायचं. गाण्यातलं हळुवार ते वर ओढायचं, मोठं ते दाबायचं. भाकरी थापावी तसं सगळं सपाट. माझे दिवे दिवसभर लाल असत आणि ऐकणाऱ्यांचे कान किटत. पुढं नवी पेटी आली आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथून मला रोहिणीनं काढलं. ती काठ रेडिओची इंजिनिअर, बारामतीला शिकलेली. एसटीत तिनं मला सामानाच्या फळीवर टाकलं नाही, मांडीवर घेऊन पळसदेवला आणलं. हे मी विसरलेलो नाही.

तानूबाईंच्या घरी पूर्वी मेंढरं होती. आवाज माळावर घडलेला. पहिल्या दिवशी त्या माईकसमोर अशा बोलल्या, जणू रोहिणी ओढ्याच्या पलीकडं उभी आहे. माझे सगळे दिवे एकदम लाल झाले. पण मी त्या आवाजाला सपाट केलं नाही. धार ठेवली, टोचणं काढलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण कामाचे आहोत.

बाईंचा कार्यक्रम म्हणजे ‘सकाळची खबर’. हवा कशी आहे, दिवसा लाईट कधी आहे, आणि शेवटी होडी. उजनी धरणाच्या पलीकडच्या काठाला जाणारी होडी कुंडलिकतात्यांची. पाण्यावर वारं असलं की ते होडी सोडत नाहीत आणि तसा फोन सकाळीच बाईंना करतात. ही खबर सांगायची बाईंची एक लकब होती. ‘होडी’ म्हणायचं, मग क्षणभर थांबायचं. सगळा काठ कान टवकारतो हे त्यांना पक्कं ठाऊक. मग निकाल द्यायचा, ‘हाय’ किंवा ‘न्हाय’.

उन्हाळा आला आणि स्टुडिओतला पंखा सुरू झाला. पंखा कसला, खडखड करणारी गिरणीच ती. ती खडखड हवेत जाऊ नये म्हणून रोहिणीनं माझं फाटक घट्ट केलं. माझ्या पोटात एक फाटक आहे. माणूस बोलू लागला की ते उघडतं, गप्प झाला की लागतं. फाटक किती घट्ट ठेवायचं, ते बटण फिरवणारा ठरवतो. मला विचारलं असतं तर मी दोन गोष्टी सांगितल्या असत्या. पण आम्हाला कोण विचारतं?

एका वाऱ्याच्या सकाळी कुंडलिकतात्या चपलेसकट स्टुडिओत शिरले.

“म्या तुमचं काय घोडं मारलंय, तानूबाई? होडी न्हाय म्हणून म्याच फोन केला, अन् तुमी जगाला सांगितलं होडी हाय. काठावर साखरपुड्याची मंडळी येऊन बसल्यात. मला शिव्या देत्यात.”

“म्या न्हायच म्हणलं.”

“हाय म्हणलात. ह्या कानांनी ऐकलं. माझीच होडी, अन् मलाच रेडिओ सांगतोय हाय म्हणून.”

“न्हाय म्हणलं, तात्या.”

“हाय म्हणलात.”

हा वाद मिटेना. मंडळी रस्त्यानं लांबचा वळसा घालून गेली आणि उशिरा पोचली. पुढच्या वाऱ्याच्या दिवशी पुन्हा तेच झालं. तानूबाई सांगते एक आणि असतं एक, अशी बोलवा उठली. ज्या बाईच्या शब्दावर लोक घरातून पाऊल उचलत, तिचा शब्द पडू लागला.

स्टेशनचे प्रमुख मानसिंगराव, बावड्याचे. सदा इस्त्रीच्या कपड्यांत. रेडिओनं शुद्ध बोलावं अशी त्यांची जुनी हौस होती, तिला आता निमित्त मिळालं. “हे हाय-न्हायचं लफडंच नको,” ते म्हणाले. “उद्यापासून आहे आणि नाही म्हणायचं. जमत नसेल तर खबर दुसरं कुणी सांगेल.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी सांगितलं, “आज वारा नाही. होडी आहे.” एकेक शब्द जपून, काचेची भांडी मांडावीत तसा. मी काय सावरणार? आवाजात जीवच नव्हता. लगेच फोन सुरू झाले, बाईंना बरं न्हाय का म्हणून. बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“रोहिणी, हे माझ्या तोंडचं न्हाय. माझ्याच गावात मी पाव्हणी झाले. उद्यापासनं मी न्हाय येत.”

मला फार वाईट वाटलं. रागही आला. एवढा आवाजांचा जाणकार मी, आणि माझ्या डोळ्यांदेखत असा आवाज उठून चालला होता.

“बाई, जायच्या आधी एकदा होडीचं म्हणा,” रोहिणी म्हणाली. “तुमच्या पद्धतीनं.” तिच्या डोक्यात काहीतरी घोळत होतं. “तुम्ही न्हाय म्हणालात, ते मी शेजारी बसून ऐकलंय. कुंडलिकतात्यांनी हाय ऐकलं, आणि तेही खोटं बोलायचे नाहीत. मग मधे आहे कोण?”

आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. स्टुडिओत सगळे ऐकतात तो आवाज माझ्या अलीकडचा असतो. गावात जातो तो पलीकडचा. तिनं हेडफोनची वायर माझ्या पलीकडच्या बाजूला लावली.

“होडी,” बाई म्हणाल्या, सवयीनं थांबल्या, “न्हाय.”

रोहिणी कपाळावर हात मारून हसायलाच लागली. तिनं मानसिंगरावांना बोलावून खुर्चीत बसवलं आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावला. बाईंनी पुन्हा म्हटलं. मानसिंगराव गोंधळले. “बाई, न्हाय म्हणा ना. हाय काय म्हणताय?”

“न्हायच म्हणतीया की वो मी.”

“बाई थांबल्या की फाटक लागतं,” रोहिणीनं सांगितलं. “पंख्यासाठी मीच घट्ट केलंय ते. उघडेपर्यंत बाईंचा नाकातला न बाहेरच राहतो. आत येतं ते नुसतं हाय.”

मानसिंगराव उठले आणि स्वतःच्या हातानं पंखा बंद केला. मग हळूच म्हणाले, “घाम आला तर येऊ द्या. बाई, उद्या तुमच्याच भाषेत सांगा.”

रोहिणीनं माझं बटण मागं फिरवलं. फाटक सैल झालं, आणि बाईंच्या आवाजामागून खिडकीबाहेरच्या पाण्याची चुळचुळ, पाखरांचा गलका थोडा थोडा आत येऊ लागला. मी तो येऊ दिला. शहरात असतो तर मला यासाठी कपाट दाखवलं असतं.

पुढं पुन्हा तुफान वारं सुटलं. बाई माईकसमोर बसल्या. “आज वारं हाय,” त्या म्हणाल्या. “होडी,” आणि थांबल्या. मी श्वास रोखला. “न्हाय.” तो न मी तळहातावरून न्यावा तसा अख्खा नेला. थोड्या वेळानं कुंडलिकतात्यांचा फोन आला. “काठावर चिटपाखरू न्हाय बगा, तानूबाई.” शहरात मला लाखो लोक ऐकत होते, पण मला अभिमान आहे तो त्या रिकाम्या काठाचा.

आता माझा एक दिवा लागत नाही, एक बटण अडकतं. माझ्या जागी नवी पेटी आणायचं चाललंय. जरूर आणा. फक्त मला खाली उतरवायच्या आधी तिच्यातून तानूबाईंना एकदा ‘होडी न्हाय’ म्हणायला लावा, आणि काठावर कुंडलिकतात्यांना विचारा, काय ऐकलं. ते न्हाय म्हणाले, तर मी आनंदानं कपाटात जाईन.